दुपारची पांढरी पट्टी

माणसांच्या वेळा एकमेकींवर चढवून ठेवायच्या, हे सृष्टीचं पोटापाण्याचं काम होतं. नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती पाळ्यांचे तक्ते बनवायची. एक्सेलमध्ये प्रत्येक कामगाराची एक आडवी ओळ, वर दिवसाचे तास, आणि जो जितका वेळ मशीनवर, तितकी लांब त्याची रंगीत पट्टी. एकाची पट्टी संपायच्या आत दुसऱ्याची सुरू झालीच पाहिजे, कारण चालू मशीन सोडून कुणी हलायचं नाही, बदलीचा माणूस येऊन उभा राहिला की मगच हात काढायचा, असा तिथला दंडक होता. दोन पट्ट्यांमध्ये पांढरी फट दिसली की सृष्टीच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा.

त्यामुळे कर्जतला तिची आई, बनुबाई, खाटेवरून पडल्याचं कळलं तेव्हा रडू यायच्या आधी तिला तक्ता सुचला, यात नवल काही नाही. बनुबाईंची डावी बाजू उन्हाळ्यात अर्धांगानं गेली होती. डोकं मात्र शाबूत होतं, आणि जीभ जड झाली तरी तिची धार कमी झाली नव्हती. घरात त्या आणि धाकटा मुलगा कानिफनाथ. तो दूध संकलन केंद्र चालवायचा, लग्न जमता जमता राहिलं होतं. शेजारच्या जहिरामावशी आपलं शिवणकाम घेऊन बनुबाईंच्या खाटेशी येऊन बसायच्या. तरी एका दुपारी दोघांपैकी कुणीच नव्हतं, आणि पाण्याच्या तांब्याला हात घालताना म्हातारी खाली आली.

त्या दिवशी कानिफनाथ फोनवर म्हणाला, "तू ने तिला भिंगारला." भिंगारचं सृष्टीचं घर दुसऱ्या मजल्यावर, नवरा-बायको दोघं नोकरीला. ती म्हणाली, जमणार नाही. जमवायचं म्हटलं असतं तर जमलं असतं, हे तिलाही ठाऊक होतं, म्हणूनच तिचा आवाज नको तितका चढला. तेव्हापासून भावाच्या तोंडाला कुलूप. ताई म्हणून हाक नाही की बरी आहेस का म्हणून विचारणं नाही.

मग तिनं आपल्याला येत होतं ते केलं. बनुबाईंच्या घरात एक जुनी रीत होती: आजाऱ्याच्या उशाची बसायची जागा मोकळी ठेवायची नाही. दुसरा येऊन टेकला की पहिल्यानं उठायचं. "मोकळ्या जागी कुनीबी येऊन बसतं," असं बनुबाई सांगायच्या, आणि हे कुणीबी म्हणजे कोण ते विचारलं की पोरांना दटावायच्या. सृष्टीनं ही रीत आणि कारखान्याचा दंडक एकत्र बांधला. व्हॉट्सअ‍ॅपवर तिघांचा ग्रुप केला. आईच्या उशाशी ठेवलेल्या खुर्चीवर बसताना 'बसले' आणि उठताना 'उठले' एवढंच लिहायचं. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी ती ते तक्त्यात भरायची. जहिरामावशींची हिरवी पट्टी, कानिफनाथची निळी. तिसरी ओळ तिच्या स्वतःच्या नावाची, पिवळी, रविवारसाठी.

ती पिवळी ओळ मात्र कोरीच राहिली. आधी ती दर रविवारी एसटीनं कर्जतला जायची. तक्ता सुरू झाला आणि जाणंच थांबलं. एकदा कारखान्यात माल निघायचा होता, एकदा पाहुणे आले, एकदा नुसताच कंटाळा. पट्ट्या बघितल्या की आईला बघितल्यासारखं वाटायचं. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काय खोटं आहे.

तक्ता रुळल्यावर तिला ती फट दिसली. जहिरामावशी दुपारच्या नमाजाला उठायच्या आणि कानिफनाथ केंद्रावरून यायचा, त्या दोहोंच्या मधे चांगली पाऊण तासाची पांढरी पट्टी. एका दिवसाची नव्हे, रोजची. आई पडली होती तीही याच वेळेला. सृष्टीला धास्तीपेक्षा रागच जास्त आला. तिनं जेवणाच्या सुट्टीत जहिरामावशींना फोन लावला.

"मावशी, तुम्ही उठता तेव्हा कानिफ आलेला नसतो."

"न्हाई येत. तू असतीस की."

"मी?"

"तू आल्याबिगर मी उठीन का, बाई? मोकळी खुर्ची सोडून नमाजात माझं ध्यान लागंल का? तू मागच्या दारानं येतीस, मग मी उठते." जहिरामावशींचा आवाज दुखावला होता. "तू स्वतःचं लिहीत न्हाईस ते बघितलं मी. म्हनलं, तक्ता हिचाच, ही भरत आसंल."

मावशी थट्टा करणाऱ्यातल्या नव्हत्या. सृष्टी ओशाळून काहीतरी बोलली, फोन ठेवला, आणि मानापमान बाजूला सारून तिनं भावाला लावला. त्यानं तिसऱ्यांदा उचलला.

"आता काय ऱ्हायलं विचारायचं?" कानिफनाथ म्हणाला. "मी दारात आलो का तू उठतीस अन् मागल्या अंगानं जातीस. तू बोलत न्हाईस म्हनून मीबी बोलत न्हाई. पर खरं सांगू का, ताई, राग गेला माझा. आईचं लई करतीस तू."

कितीतरी दिवसांनी त्यानं ताई म्हटलं होतं. ते ऐकून सृष्टीला इतकं बरं वाटलं की मी तिथं नसते रे, हे वाक्य घशातच राहिलं. ते नंतर सांगू, असं तिनं ठरवलं.

संध्याकाळी तिनं आपली कारखान्यातली हजेरी काढून बघितली. असल्या गोष्टीची खातरी करून घ्यावीशी वाटणं हेच मुळात लाजिरवाणं होतं, तरी बघितली. अंगठा रोजचा होता. दुपारी ती टेबलावरच होती, डबा खाऊन बडीशेप चघळत. मग तिनं पिवळ्या ओळीत कारखान्याची वेळ भरली, आणि त्याच ओळीत, दोघांच्या सांगण्याप्रमाणे, दुपारची कर्जतची पट्टीही भरली. एकाच नावाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चढल्या. एक्सेलनं काही हरकत घेतली नाही. उलट तक्ता पहिल्यांदाच पुरा भरलेला दिसत होता, कुठे फट म्हणून नाही.

रात्री तिनं आईशी बोलायचं म्हणून फोन केला. बनुबाईंचे शब्द पूर्वीपेक्षा स्वच्छ येत होते.

"आज येनी बरी घातलीस," त्या म्हणाल्या. "परवा लई आवळली हुतीस."

सृष्टी हो म्हणाली. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? आईच्या केसांना आपला हात कधी लागला होता, हे तिला आठवेना. त्या रात्री तिला भीती वाटली ती फार नव्हती. जास्त वाटला तो मत्सर, आणि कुणाचा, तेही नीट सांगता येईना. पुढच्या आठवड्यात तिनं रजा टाकली. आपल्या जागी आपण जाऊन बसायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

एसटी कर्जतला पोचायला उशीर झाला. ती घरात शिरली तेव्हा अजान संपत आली होती आणि जहिरामावशी सुई-दोरा डबीत ठेवत होत्या. त्यांनी वर बघितलं.

"आज म्होरल्या दारानं?" एवढंच म्हणून त्या उठल्या, पदर सावरला आणि गेल्या.

सृष्टी खुर्चीवर बसली. खोलीत खोबरेल तेलाचा वास होता. बनुबाई उशीला टेकून बसल्या होत्या, गाल भरले होते, केसांची घट्ट वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. आईची नीट निगा चालली होती, हे कुणालाही दिसलं असतं. सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई," ती म्हणाली.

बनुबाईंनी तिच्याकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती. दारी आलेल्या पाहुणीला करावं तसं त्यांनी उजव्या हातानं अर्धा नमस्कार केला.

"बसा, बाई. कुनीकडनं आल्या?"

"आई, मी सृष्टी."

"व्हय का?" बनुबाई कौतुकानं म्हणाल्या. "माझ्या लेकीचंबी त्येच नाव. यील आता ती. तिला भेटूनच जावा."

सृष्टीनं आईचा हात हातात घेतला. बनुबाईंनी तो लगेच सोडवला नाही. परक्या माणसाचं मन राखावं इतका वेळ राहू दिला, आणि मग हळूच काढून पांघरुणाखाली घेतला. सृष्टी आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगू लागली, श्रीगोंद्याच्या मामाची, विहिरीत पडलेल्या कळशीची. बनुबाई मान हलवत ऐकत होत्या. "व्हय, आमच्या सृष्टीनंबी अशीच कळशी पाडली हुती," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

बनुबाईंचा चेहरा असा उजळला की सृष्टीला तो ओळखू येईना. इतक्या वर्षांत आपल्याकडे बघून तो असा झालेला तिला आठवत नव्हता. तिची पाठ त्या दाराकडे होती. काही झालं तरी उठायचं नाही, असं ती एसटीत बसल्यापासून मनाशी घोकत आली होती. पावलं सावकाश आली आणि खुर्चीमागे थांबली. कुणी घाई केली नाही. रीतच तशी होती.

"आली बगा," बनुबाई म्हणाल्या. "उठा, बाई. बसू द्या तिला."

सृष्टी उठली. मागे न बघता पुढच्या दारानं बाहेर आली, अंगणात उभी राहिली, आणि नियमाप्रमाणे ग्रुपवर लिहिलं, 'उठले'. आत खुर्ची करकरली.

"आज उशीर केलास, गं," आईचा आवाज आला. "बरं झालं, त्या बाई हुत्या. खुर्ची मोकळी न्हाई पडली."