काळे थेंब माझ्या अंगावर

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे, मित्रांनो. पोस्टकार्डाएवढीच, पण चारही कडा सरळ. ईडन प्रेरी या परदेशी बर्फाळ गावातल्या मोरेश्वरकाकांच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते.

बर्फाखालच्या दगडांनी स्कीच्या, म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब फळीच्या, तळाला चरे पडतात. पूर्वी काका प्लॅस्टिकची कांडी पेटवून तिचे थेंब त्या चऱ्यांत सोडायचे. ज्योत मोठी झाली की थेंबात काजळी येते, आणि काजळीचं ठिगळ काही टिकत नाही. म्हणून कांडी माझ्याजवळ धरायची; काळे थेंब माझ्या अंगावर, स्वच्छ थेंब स्कीला. मग वर आलेलं प्लॅस्टिक मीच तासायची. काकांचं कीर्तन जोडीला चालूच. श्रोते दोन, मी आणि बर्फ काढायचं मशीन! असं भाग्य किती पट्ट्यांना लाभतं?

गेल्या जानेवारीत नात निधीची पहिली शर्यत अगदी उद्यावर आली, आणि तिच्या एकुलत्या एक जोडीला बोटभर खड्डा. काकांनी कांडी पेटवली, आख्यान रंगलं. भक्ताच्या हाकेला देव धावतो त्या प्रसंगी त्यांचा हात कांडीसकट, माझ्यापासून दूर, कीर्तनकारासारखा उंच गेला. ज्योत भडकली आणि काळे थेंब थेट खड्ड्यात! मी ओरडणार तरी कशी?

तासायला घेतलं, तर ठिगळ खपलीसारखं निघून आलं.

"आजोबा, इट फेल आउट! कोच अशी स्की अलाउ नाही करणार!" निधी रडकुंडीला आली.

तिची आई सुलेखा प्लॅस्टिक वितळवून भरायची नवी इलेक्ट्रिक गन घेऊन आली. "बाबा, हिला ज्योतच नाही. आता खुशाल हातवारे करा."

"आणि माझी पट्टी?"

"डोनेशनच्या बॉक्समध्ये टाकते ना."

टाकलंसुद्धा! जुन्या स्वेटरांत पडल्या पडल्या मी ऐकत राहिले.

खोटं कशाला बोलू, गनने प्लॅस्टिक असं घट्ट बसवलं की मीही मनात वाहवा म्हटलं. पण ते थंड झालं, तेव्हा खड्ड्याच्या जागी टेकाड.

"मम्मा, आता हा बंप?"

गनला तासता कुठे येतं? काका मिशीत हसले आणि त्यांनी बॉक्सकडे बोट दाखवलं.

निधीने मला बाहेर काढलं खरं, पण घाईत तिचा हात वेडावाकडा जाऊ लागला.

"थांब गं बाळा," काका म्हणाले. "मी गजर धरतो. एका टाळीला एकच ओढ."

विठ्ठल, विठ्ठल! टाळीमागून टाळी, आणि प्लॅस्टिकची पातळ साल गोल गोल सुटत गेली. शेवटी निधीने डोळे मिटून तळावरून बोट फिरवलं. खड्डा कुठे होता, तिला सापडेना.

शर्यतीत निधी सदतिसावी आली. ठिगळ मात्र जागचं हललं नाही. काकांनी पेढे वाटले. पहिला गनपुढे ठेवला, दुसरा माझ्यापुढे.

मित्रांनो, नवी हत्यारं जरूर आणा. जुनं बॉक्समध्ये टाकण्याआधी त्याचं काम खरंच संपलंय का, एवढं मात्र बघा. आणि काम झालं की मला कोरड्या फडक्याने पुसून खिळ्याला अडकवा. गंज चढला तर पुढच्या गजराला मी ताल कसा धरू?