रावजींनी मोकळी सोडलेली जागा

मी पडदा बोलतोय. नाटकाचा नव्हे, देवरूखच्या बाजारातल्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओचा.

स्टुडिओचे मालक रावजी; त्यांनीच मला मांजरपाटाच्या जाड कापडावर रंगवलं. डावीकडे महालाच्या पायऱ्या, मागे तळं, तळ्यात दोन हंस. उजवीकडे मात्र माणूसभर जागा कोरी. गावोगावचे नवरे मुंबईला. बायको एकटीच यायची, पायरीशी उभी राहायची आणि शेजारी हातभर अंतर सोडायची. मुंबईहून नवऱ्याचा फोटो आला, की रावजी तो कातरून तिच्या फोटोत शेजारी चिकटवायचे. कित्येक जोडपी अशी माझ्यासमोरच एकत्र आली!

रावजी गेले, मोबाइल आले, मी रावजींच्या घरच्या माळ्यावर गेलो.

यंदा मुंबईची फोटोग्राफर मृणाली आली. रावजींचे जुने फोटो पाहून तिला तसेच नवे काढायचे होते, प्रदर्शनासाठी. तिने माझं इतकं कौतुक केलं की मला धडकीच भरली. मागे असंच कौतुक करत एक जण स्टुडिओची नक्षीदार खुर्ची घेऊन गेला होता.

रावजींची लेक मालन माझ्याइतकीच संशयी. ती म्हणाली, "फोटो काय ते हितंच काढा. पडदा घराभायेर जायाचा नाय."

मृणालीने गावातल्या बायका माझ्यासमोर उभ्या केल्या, पण शेजारी कुणालाच चिकटवेना. "जागा आता अशीच दिसू दे," म्हणे. अर्धवट काम! मग तिने टेप काढून माझी कोरी बाजू मोजली. मालनने माझी कड घट्ट धरली.

"कापनार काय?"

"नाही हो मावशी. रावजी किती जागा सोडायचे ते बघतेय."

आम्हा दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी मृणालीने मालनलाच उभं केलं. लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून तिनेही हातभर अंतर सोडलं. फोटो झाला तरी ती हलेना. मग पिशवीतून रावजींचा पासपोर्ट साइजचा फोटो काढून म्हणाली, "सगळ्यांना जोडलान् बाबांनी. माज्याबरोबर त्यांचा एकपन फोटो नाय. ह्यो लावशील?"

मृणालीने तो हातात घेतला. तिने तो मोठा करून आणला, जपून कातरला आणि मालनशेजारी चिकटवला.

मी पुन्हा माळ्यावर आहे. किल्ली मालनच्या कमरेला. संशय काही गेलेला नाही; माझं कौतुक करायचं तर लांबूनच करा. पण मुंबईच्या प्रदर्शनात तो फोटो दिसला, तर त्यातल्या म्हाताऱ्याला एवढं सांगा: रावजी, जन्मभर दुसऱ्यांसाठी सोडलेली जागा शेवटी तुमच्याच कामी आली.