मामाकडची सफरचंदं

एमरी हॉलबर्टच्या बागेत सफरचंदाच्या त्रेचाळीस जाती होत्या आणि त्यातली एकही त्याला हवी तशी नव्हती. न्यूयॉर्क राज्यात, ओंटारिओ तळ्याच्या दक्षिण काठावर सगळ्यांच्याच बागा. बाकीचे लोक पाच-सहा खपणाऱ्या जाती लावून मोकळे होत. एमरीचं तसं नव्हतं. कुठे पडक्या कुंपणाआड एखादं अनोळखी झाड दिसलं की हा गाडी थांबवून मालकाचं दार ठोठावणार, फांदी मागून आणणार, कलम बांधणार आणि फळ धरेपर्यंत आठ-दहा वर्षं वाट पाहणार. फळ आलं की टोपली थेट स्वयंपाकघरात. "हिची पाई करून बघ," एवढंच म्हणायचा.

आधी हे तो बायकोला सांगायचा. ती गेल्यावर ही टोपली सुनेच्या, ट्वायलाच्या ओट्यावर येऊ लागली, त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली होती.

ट्वायलाच्या हाताला चव होती, हे तिचे वैरीसुद्धा नाकारत नसत. तिच्या अ‍ॅपल पाईच्या पारीत डुकराची चरबी आणि लोणी निम्मं-निम्मं असे. पाणी बर्फाचं, आणि पीठ मळायचं नाही, नुसतं हलक्या हाताने गोळा करायचं. काउंटीच्या जत्रेत तिने तीनदा पहिल्या नंबरची निळी फीत आणली होती. चर्चच्या जेवणावळीत तिचं भांडं सगळ्यात आधी रिकामं व्हायचं. एकदा निवडणुकीला उभा राहिलेला एक इसम फोटोपुरता घास खायला आला, आणि तीन तुकडे संपवून स्वतःच्या सभेला अर्धा तास उशिरा पोचला. अ‍ॅपल पाईसमोर ज्याचा फोटो नाही तो या देशात निवडून येत नाही, हे खरं; पण तीन तुकडे कोणी फोटोसाठी खात नाही.

सासऱ्यापुढे मात्र तिचं घोडं पेंड खायचं. म्हातारा पहिला घास घ्यायचा, डोळे मिटायचा, सावकाश चावायचा. ट्वायला हातातलं फडकं तसंच धरून उभी. मग डोळे उघडून तो म्हणायचा, "छान झालीय." आणि जरा थांबून, "पण तशी नाही."

तशी म्हणजे त्याच्या आईची. एमरीचं बालपण नेब्रास्कात गेलं, तेही दुष्काळाच्या, धुळीच्या वादळांच्या वर्षांत. पाऊस नाही, मका नाही, ताटावर फडकं झाकून जेवायला बसायचं. शंभर मैलांत सफरचंदाचं झाड नव्हतं. तरी दर रविवारी आई अ‍ॅपल पाई करायची. "माझा भाऊ न्यूयॉर्कहून पिंप भरून पाठवतो," असं ती सांगायची. पिंप तळघरात असायचं आणि मुलांना तळघरात जायची बंदी होती. एमरी शाळेत छाती फुगवून सांगायचा, आमच्याकडे मामाची सफरचंदं येतात.

तो बारा वर्षांचा असताना आई न्यूमोनियाने गेली. अठराव्या वर्षी तो युद्धावर गेला. तिकडे कोणी विचारलं, कशासाठी लढतोस रे, तर पोरांचं उत्तर ठरलेलं: आईसाठी आणि अ‍ॅपल पाईसाठी. बाकीचे ते हसत हसत म्हणायचे. एमरीला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. सुटून आला तो घरी न जाता थेट मामाच्या गावी, तळ्याकाठी. मामा वारला होता, मळा दुसऱ्याच्या ताब्यात होता, आणि कुठल्या झाडाची फळं नेब्रास्काला जायची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मग एमरीने शेजारीच जमीन घेतली आणि ते झाड शोधायला लागला. लग्न, मुलगा, बाग, सगळं त्या शोधाच्या नादात झालं म्हटलं तरी चालेल.

यंदा एप्रिलमध्ये त्याच्या हृदयाने दगा दिला. पंधरा दिवसांनी घरी आला, पण शिडी बंद, फावडं बंद. पुढच्या सुगीचं आपण काही सांगू शकत नाही, असं डॉक्टरांनी मुलाला, ड्वाइटला, बाजूला घेऊन सांगितलं. ड्वाइटने ते ट्वायलाला सांगितलं, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. हा माणूस जायच्या आधी एकदा तरी तिच्या हातचा घास खाऊन "हीच" म्हणाला पाहिजे. यात सासऱ्याची माया होती, तसा तिचा स्वतःचा हट्टही होता, आणि ती ते नाकारत नव्हती. एकोणीस वर्षं दुसरा नंबर, तोही मेलेल्या बाईच्या मागे, हे कोणाला आवडेल?

ऑक्टोबरात तोडणी संपत आली तेव्हा तिने नेब्रास्काला फोन लावला. एमरीची थोरली बहीण ऑर्डेला एकोणऐंशी वर्षांची होती, पण जीभ अजून शाबूत होती.

"आत्या, एक विचारायचं होतं. तुमच्या आईंच्या पाईत जायफळ असायचं का? की लवंग?"

"जायफळ? अगं, आमच्याकडे मीठ असलं तरी सण वाटायचा. दालचिनी असायची चिमूटभर, तीही शेजारणीची."

"आणि सफरचंदं कशी होती दिसायला? हिरवी? की लाल पट्ट्यांची?"

"कसली सफरचंदं?" ऑर्डेला म्हणाली.

"मामांकडून यायची ती."

"जोनस मामाने उभ्या आयुष्यात आम्हाला एक पत्र पाठवलं. त्यातही स्वतःच्या दाढदुखीचंच रडगाणं होतं."

"मग तळघरातलं ते पिंप?"

"त्यात दाणे काढलेली मक्याची कणसं असायची, चुलीत घालायला." म्हातारीने सुस्कारा सोडला. "बिस्किटं होती गं ती. साधी खारट, सोड्याची बिस्किटं. पारीत सारणाच्या जागी बिस्किटं मोडून घालायची, त्यावर साखरेचा पाक, व्हिनेगर, थोडी टार्टरची आंबट पावडर. भाजून निघालं की जिभेला सफरचंदच वाटतं. आमच्याकडच्या निम्म्या बायका करायच्या. पण त्या सांगून करायच्या. आई सांगायची नाही."

"का पण?"

"एमरीला शाळेत पोरं चिडवायची. सदरा पिठाच्या पोत्याचा, पाठीवर गिरणीचं नाव. आई म्हणाली, त्याला मिरवायला एक तरी गोष्ट असू दे. मला शपथ घातली होती तिने."

"आणि तुम्ही साठ वर्षं ती पाळलीत?"

"मला वाटलं, आता तर बागच लावलीय, केव्हाच कळलं असेल. एवढं वय झालं तरी माणूस इतका गाढव राहील, हे मला काय ठाऊक?"

फोन ठेवल्यावर ट्वायला ओट्याशी नुसती उभी राहिली. आधी तिला हसू आलं, मग ती हिशेब करू लागली. पन्नास वर्षं, त्रेचाळीस जाती. तिने रात्री उशिरापर्यंत सोललेली टोपल्यांमागून टोपल्या सफरचंदं. ती सगळी एका बिस्किटापुढे हरली होती.

पेट्या भरायच्या शेडमध्ये तिने ड्वाइटला गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं सफरचंद पेटीत न टाकता तसंच धरून ठेवलं.

"सांगू नकोस," तो म्हणाला.

"करून वाढू, पण सांगायचं नाही?"

"वाढ की. हीच म्हणाले की तुझं काम झालं."

"आणि कुठलं झाड, असं विचारलं तर?"

"दाखव कुठलंही. ओढ्याकाठचं ते रानटी झाड दाखव. त्याचं नाव त्याच्या बापालाही माहीत नाही."

ट्वायला मोहात पडली नाही असं नाही. दोन दिवस ती जाता-येता त्या रानटी झाडाकडे बघत होती. पण म्हाताऱ्याला ती ओळखून होती. झाड दाखवलं की मार्चमध्ये हा छातीवर हात दाबून तिथवर जाणार, कलमं बांधणार, आणि पुढच्या पाईच्या पहिल्या घासाला म्हणणार, "पण तशी नाही." आईने एकदा फसवलं ते मुलाला ताठ मानेने शाळेत जाता यावं म्हणून. सून फसवणार ती कशासाठी? एका शब्दासाठी.

शुक्रवारी ड्वाइट वडिलांना तपासणीला घेऊन गेला, तेव्हा तिने आत्याच्या सांगण्याबरहुकूम एक लहान पाई करून पाहिली. बिस्किटं मोडून घालताना तिलाच शरमल्यासारखं झालं. भाजून निघाल्यावर घास तोंडात घातला आणि ती खुर्चीत बसली. मऊ, आंबटगोड, किंचित दाताला लागणारं. ज्या बाईला तिने कधी पाहिलं नव्हतं, जिचा एकोणीस वर्षं मनातून राग केला होता, त्या बाईपुढे तिने हात जोडले. सफरचंद असताना अ‍ॅपल पाई कोणीही करेल.

तोडणीच्या शेवटच्या रविवारी तिने दोन पाई केल्या. एक बिस्किटांची आणि एक नेहमीची, थंडीआधी उतरवलेल्या स्पाय जातीच्या सफरचंदांची. जेवणं झाल्यावर तिने बिस्किटांची पाई टेबलावर आणली, तुकडा कापला, शेजारी रिवाजाप्रमाणे जुन्या चीजची चकती ठेवली. ड्वाइट आपल्या कॉफीत बघत बसला.

एमरीने घास घेतला. डोळे मिटले. या वेळी ते लवकर उघडले नाहीत. काटा मात्र त्याने हळूच खाली ठेवला.

"हीच," तो म्हणाला.

एकोणीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो शब्द आला आणि ट्वायलाला आनंद कुठे शोधावा ते कळेना. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कुठलं झाड, पोरी?"

"डॅड," ती त्याच्या समोर बसली. "झाड नाहीये."

"म्हणजे?"

"यात सफरचंद नाहीये. खारट बिस्किटं आहेत. मी आत्यांना फोन केला होता. तुमच्या आईसुद्धा बिस्किटांचीच करायच्या. मामांनी कधी काही पाठवलंच नाही."

एमरी तिच्याकडे बघत राहिला. मग पाईकडे. मग खिडकीबाहेर, जिथे त्रेचाळीस जातींची झाडं रांगेने उभी होती. ड्वाइट उठायला लागला, तर त्याने हाताने त्याला बसवलं.

"मामाने काहीच नाही पाठवलं?"

"एक पत्र. दाढ दुखत होती त्यांची."

"आणि साखर? बिस्किटं असतील दुकानात. पण साखर कुठून आणायची ती?"

"दुकानदाराला अंडी देऊन, असणार. आत्यांना मी विचारलं नाही."

"अंडी देऊनच." एमरीने मान हलवली. "नऊ कोंबड्या होत्या आमच्या. आई म्हणायची, अंड्यांनी मुलांच्या अंगावर पुरळ उठतं. मी अजून अंड्याला हात लावत नाही." तो थांबला, आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. ट्वायला घाबरून पुढे झाली, पण म्हातारा हसत होता. हसता हसता त्याने हातरुमालाने डोळे पुसले. "त्र्याहत्तर वर्षांचा झालो, ड्वाइट. अंड्यांना घाबरतोय."

"आईला घाबरताय म्हणा," ड्वाइट म्हणाला.

"तिला घाबरलंच पाहिजे. काय बाई होती." एमरीने ताटलीतला तुकडा बोटाने जरासा उचकटून आत बघितलं, कलम तपासताना बघायचा तसं. "मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, आमच्या आईकडे सगळ्यात चांगली सफरचंदं होती. अरे, सफरचंदं झाडाला लागतात, त्यात कसलं आलंय कौतुक. हिने ती कशातून काढली बघ."

ट्वायलाने धीर करून विचारलं, "राग नाही ना आला?"

"कोणाचा?"

"माझा. मी सांगितलं म्हणून. बाग तुम्ही उगाच—"

"बाग उगाच कशी? सफरचंदं लागतात की तिला." त्याने ताटलीतला उरलेला तुकडा शेवटच्या कणापर्यंत संपवला आणि ताटली बाजूला सारली. मग हवेत नाक ओढलं. "ओव्हनमध्ये दुसरी कसली आहे?"

"माझी. स्पायची. नेहमीची."

"ती आण."

"आत्ता? आताच तर खाल्लीत. डॉक्टर काय म्हणाले—"

"डॉक्टर राहू दे. आण तू."

तिने आणली, कापली, वाढली. वाफ अजून निघत होती. फडकं हातात घेऊन ती सवयीने उभी राहिली. एमरीने घास घेतला. डोळे मिटले नाहीत, खिडकीकडेही बघितलं नाही. ताटलीकडे बघत, घाई न करता चावत राहिला. नवी जात पहिल्यांदा खाऊन बघताना तो असाच खायचा. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला.

"ट्वायला," तो म्हणाला, "दालचिनी जरा जास्त घालतेस तू."

एकोणीस वर्षांत त्याने तिच्या पाईला नाव ठेवलं नव्हतं. ठेवायला तो ती कधी खातच नव्हता, तिच्यात आईची शोधत होता. जत्रेतल्या तीन फिती मिळाल्या तेव्हा झाला नव्हता इतका आनंद ट्वायलाला झाला.

"माझ्या पाईत तेवढीच असते," ती म्हणाली.

"असू दे," एमरी म्हणाला, आणि त्याने रिकामी ताटली पुढे केली.