साराच्या सुरकुत्या

त्या काळी बोलोन्या शहरात चित्रकारांकडे शाई घरीच व्हायची. मायफळं कुटायची, वाइनमध्ये मुरवायची, मग हिराकस आणि डिंक. कामिल्लानं चाळीस वर्षं नवऱ्याला शाई करून दिली, पण त्या शाईतून तिचा चेहरा एकदाही उमटला नाही. "पुढच्या चित्रात नक्की," असं प्रॉस्पेरो लग्नाच्या वर्षापासून म्हणत आला होता.

यंदा काम मठाचं होतं. अब्राहामाच्या दारी तीन देवदूत येतात, म्हाताऱ्या साराला मूल होईल म्हणतात आणि ती तंबूच्या पडद्याआड हसते. मठाधिपतींना रेखाटन पटलं तरच मोठं चित्र मिळणार होतं.

कामिल्लानं रेखाटन पाहिलं. "अहो, ही नव्वदीची सारा? हिला अजून अक्कलदाढ आली नसेल!"

"देखणी नको दिसायला?"

"मग तिनं हसायचं कशाला? विशीतल्या पोरीला मूल झालं तर त्यात नवल काय?"

"तू शेंगा सोल बघू."

जेवून तो घोरायला लागला. कामिल्लानं पिसाची लेखणी उचलली, त्याच सकाळी केलेल्या शाईत बुडवली आणि तांब्याच्या पातेल्यात बघत बघत साराला आपल्या सुरकुत्या, आपली लोंबती हनुवटी आणि आपल्या पडलेल्या दाताची फट दिली. ताजी शाई पातळ काढ्यासारखी फिकी. उठल्यावर प्रॉस्पेरोच्या अधू डोळ्यांना काही दिसलं नाही. त्यानं कागद बासनात ठेवला.

ताजी शाई हवेनं काळी पडते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पण रागाच्या भरात सुचलं नाही. सुचलं ते दुसऱ्या दिवशी, मठाधिपती दारात उभे राहिल्यावर. ती स्वयंपाकघराच्या पडद्याआड गेली. आपल्या हट्टापायी आता हे काम जाणार!

बासन उघडलं. सुरकुत्या काळ्याभोर. प्रॉस्पेरोचा चेहरा कागदाहून पांढरा.

मठाधिपती कागदावर वाकले. मग हसून हसून त्यांचं पोट हलायला लागलं. "अहो, ही तर माझी आई! मी मठात जातो म्हणालो, तेव्हा अश्शीच हसली होती. हीच हवी. एक रेघ बदलू नका."

"मुद्दामच तशी काढलीय, फादर," प्रॉस्पेरो म्हणाला.

पडद्याआडून खुदकन आवाज आला.

पाहुणे गेल्यावर प्रॉस्पेरोनं पडदा सारला. "ये बाहेर. तिथं उजेडात बस."

"बसते की," कामिल्ला म्हणाली आणि टोपली त्याच्या हातात दिली. "आधी शेंगा सोला."