पुसलेली सीडी

नवरा सुदेश गेल्यानंतर तीन महिन्यांनी शेवंतीने चौके गावातला त्याचा व्हिडिओ स्टुडिओ रिकामा करायला घेतला. जागा भाड्याची होती आणि मालकाला ती मोबाइलच्या दुकानाला द्यायची होती. कॅमेरे विकले गेले. राहिल्या त्या सीड्या आणि डीव्हीड्या. वीस वर्षांची लग्नं, मुंजी, सत्यनारायण, सगळं गोणींत भरलेलं. भंगारवाला हात न लावताच निघून गेला.

"वयनी, जाळून टाकूया. एक काडी लावली की झाला," दीर मंगेश म्हणाला.

"नको. धूर गावभर जातलो."

"मगे माडाखाली पुरूया."

"लोकांची लग्ना पुरतलस?"

शेवंतीने सुदेशची गिऱ्हाइकांची वही उघडली आणि ज्यांचे नंबर लागत होते त्यांना फोन केले. कुणी म्हणालं, आता बघायला मशीनच नाही, टाकून द्या. पुण्याहून एक बाई म्हणाली, "तुकडे करा काकी. माझ्यासमोर आली तरी मी बघणार नाही." शेवंतीने बरं म्हटलं. मग रोज दुपारी ती पत्रा कापायची कात्री घेऊन बसायची आणि नको असलेल्या सीड्यांचे दोन-दोन तुकडे करायची. लोकांचे चेहरे असेच उकिरड्यावर जाऊ नयेत, एवढंच तिला वाटत होतं. बाकी काही वाटत नव्हतं. बाराव्यालाही ती रडली नव्हती. बायका आपसात कुजबुजल्या होत्या.

चौथ्या दिवशी एका डब्यात पुसून परत वापरायच्या डीव्हीड्या सापडल्या. गिऱ्हाइकाला आधी दाखवायची कच्ची प्रत सुदेश त्यांच्यावर मारायचा आणि काम झालं की पुसायचा. प्रत्येकीवर खोडलेली नावं. एकीवर वरचं नाव मार्करने खोडलेलं होतं, तरी वाचता येत होतं: शेवंतीचे डोहाळे. त्याखाली: हरिश्चंद्र, मसुरे, मुलीचे लग्न, मे २०१२.

डोहाळजेवणात तिच्या आईने, हौसाबाईने, ओव्या म्हटल्या होत्या. आईचं हलतं-बोलतं चित्र तेवढंच. आई गेली २०११ मध्ये. त्यानंतर शेवंती कितीदा तरी विचारायची, "आयेची सीडी खंय आसा ओ?" आणि सुदेश सापडेल असंच सांगायचा, "गावतली गो, खंय जातली?" शेवटी शेवटी, अंथरुणावरूनसुद्धा तो तेच म्हणाला होता.

तिने जुन्या कॉम्प्युटरवर डीव्हीडी लावली. मांडव, सनई, अनोळखी नवरी. शेवटपर्यंत पाहिलं. हार्ड डिस्कवरही शोधलं. नव्हतं. मे महिन्यात लग्नांची घाई, कोऱ्या डिस्क संपल्या असतील. नाव न बघता पुसली असेल. किंवा बघूनही. आता विचारणार कुणाला?

तिने वहीतला मसुऱ्याचा नंबर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिश्चंद्र आला. सत्तरीचा, हातात एक फणस. "आमच्याकडची सीडी बुरशीन खाल्ली, वयनी. ही हयच लावून दाखवशात? माज्याकडे लावूक काय नाय."

तिने लावली. पंगत सुरू झाली तेव्हा तो पुढे सरकला. पंगतीत एक जाडजूड बाई भात वाढत होती आणि कॅमेऱ्याकडे बघून पदराने तोंड लपवत हसत होती.

"सत्यवती," तो म्हणाला. "दोन वर्सां झाली." मग तो रडायला लागला, मोठ्याने, लहान पोरासारखा. शेवंतीने त्याला पाणी दिलं. आपल्यालाही रडू येईल म्हणून ती थोडा वेळ थांबली. आलं नाही.

तिने डीव्हीडी काढून त्याच्या हातात दिली. वरचं खोडलेलं नाव त्याने वाचलं.

"ही तुमची होती?"

"होती," ती म्हणाली. "आता तुमची."

त्याला पुढे काही बोलायचं होतं, पण तिने पुढची सीडी कात्रीत धरली होती.

शनिवारी मंगेशने तुकड्यांच्या तीन गोणी टेम्पोत घालून कुडाळला नेल्या. तिथे जुने कॉम्प्युटर घेणारा एकजण होता, तो त्या ठेवून घ्यायला तयार झाला. शेवंती सोबत गेली होती. मंगेशला तिथे काम होतं म्हणून ती एकटीच परतीच्या मालवण गाडीत बसली आणि खिडकीला डोकं टेकलं. तीन महिन्यांत तिला धड झोप लागली नव्हती. वाटेतलं चौके कधी मागे गेलं ते तिला कळलंच नाही.

मालवण स्टँडवर कंडक्टरने तिचा खांदा हलवला.

"मावशी, गाडी रिकामी झाली. तुका खंय उतराचा होता?"

शेवंतीने खिडकीबाहेर पाहिलं. गावाचं नाव तिला लगेच आठवेना.