कांडीबाईचं नाक

योगिता त्या रविवारी इतकी थकलेली होती की हॉटेलच्या लिफ्टमधल्या आरशात आधी नुसते तिचे डोळे दिसले आणि बाकीची योगिता दुसऱ्या मजल्यावर त्यांना येऊन मिळाली. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका प्रिंटिंग मिलमध्ये ती साड्यांची डिझाइनं काढायची. लग्नसराई तोंडावर होती. आठवडाभर एकाच वेलीचे एकोणीस रंग करून दाखवल्यावर शेठनं शनिवारी पहिलाच रंग पसंत केला होता आणि वर म्हणाला होता, "आ तो पहेलेथी ज सारो हतो."

बरोबर कुंदन आणि प्रियांका होते. तिघं नवागामच्या एकाच गल्लीत वाढलेले. कुंदन इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला, रात्रपाळी उरकून थेट आलेला. प्रियांका मार्केटात दिवसभर साड्यांच्या घड्या घालायची. रविवार हा तिच्या लेखी पाय वर करून पडायचा वार. तरी तिघं आले होते, कारण सहा महिन्यांपूर्वी चहाच्या टपरीवर तिघांनी एकमेकांना शब्द दिला होता, आणि तेव्हा ते ताजेतवाने होते.

डुमस रोडवरच्या त्या हॉटेलच्या लग्नाच्या हॉलात फॅनमेळा भरला होता. जपानी कार्टून, कॉमिक आणि गेम यांच्या पायी जेवणखाण विसरणारी सगळी तरुण सुरत तिथं लोटली होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची फुलं अजून खांबांना होती, आणि स्टेजवरच्या नवरानवरीच्या सोनेरी खुर्च्यांवर एक हिरवा राक्षस आणि एक पंखवाली मुलगी लोचो खात बसली होती. राक्षसाची शेपटी एवढी लांब, की तो आत आला तेव्हा शेपटी अजून पार्किंगमध्ये पावती घेत होती म्हणतात.

योगिताचं मागणं फार मोठं नव्हतं. आठ वर्षं ती चित्रं काढत होती. तिची फुलं साड्यांवर बसून कोलकात्यापासून कोचीपर्यंत हिंडून आली होती. एकदा उधना स्टेशनात एका बाईच्या पाठीवर तिला स्वतःची वेल दिसली. ती बाईच्या मागं जिन्यापर्यंत गेली आणि परत फिरली. सांगणार काय? तर आज एका तरी माणसानं चित्र हातात घेऊन विचारावं, हे कुणी काढलं, आणि तिनं म्हणावं, मी. बस, एवढ्यासाठी तिनं झोप मोडली होती.

तिघांनी मेळ्यात एक टेबल घेतलं होतं. विकायला दोन तऱ्हेचा माल होता. वर टेबलावर मांजरांचे आणि ड्रॅगनचे स्टिकर, जे शेजारच्या दहाही टेबलांवर होते. आणि खाली, टेबलाच्या पायाशी, जाड पुठ्ठ्यात पालथी ठेवलेली कांडीबाईची चित्रं.

पॉवरलूमच्या धोट्यात सुताची जी नळी बसते ती कांडी. नवागामच्या बायका घरी बसून अशा कांड्या भरतात. कांडीबाई ही तशीच एक बाई, योगितानं रचलेली: अंगात फुलाफुलांचा गाऊन, खांद्यावर टॉवेल, गळ्यात कांड्यांची माळ आणि पोपटानं बघून मान खाली घालावी असं नाक. सुरतेत कुठंही धागा तुटला की तिला ऐकू यायचं, मग तो लूमचा असो की दोन भावांमधला. ती जायची, गाठ मारायची आणि न जेवता परत यायची. नाक मालतीबाईंचं होतं, म्हणजे योगिताच्या आईचं. मालतीबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं.

आता विकायची चित्रं पालथी का, असं प्रियांकानं तीनदा विचारलं. पण मिलमध्ये आठ वर्षं काढलेल्या माणसाचा हातच तसा वळलेला असतो. या शहरात सकाळी टांगलेलं डिझाइन संध्याकाळी चार दुकानांत लागलेलं असतं. चांगला माल झाकायचा, ओळखीच्या गिऱ्हाइकाला आतल्या खोलीत नेऊन दाखवायचा. इथं ना ओळखीचं गिऱ्हाईक होतं, ना आतली खोली. त्यामुळं बारा वाजेपर्यंत कांडीबाई पालथीच पडून राहिली, आणि योगिता तिच्यावर पाय पडू नये म्हणून अंग चोरून बसली.

मेळ्यात वेष करून यायची रीत होती. प्रियांकानं गाऊन घालून डुमस रोडला यायला साफ नकार दिला होता, म्हणून कांडीबाई कुंदन झाला होता. पाच फूट अकरा इंच उंची, रात्रपाळीचे लाल डोळे, पुठ्ठ्याचं नाक. तो हॉलात फिरू लागला तसे लोक विचारू लागले, तुम्ही कोण, कशातले? पहिल्या दोघांना त्यानं खरं सांगितलं. ते "अच्छा" म्हणून पुढं गेले. तिसऱ्याला सांगताना त्याला जांभई आली, आणि जांभईबरोबर खोटं बाहेर पडलं. जपानमधली फार जुनी मालिका आहे, म्हणाला, तिकडं घराघरात बघतात, इकडं पोचूच दिली नाही.

तिसरा माणूस क्षणभर थांबला. आजूबाजूला सगळे जाणकार. अशा ठिकाणी आपल्याला ठाऊक नाही असं कोण कबूल करणार? तो म्हणाला, "हो हो, बघितलीय. पण दुसरा सीझन जरा पडला, नाही?"

मग काय विचारता. एक वाजता कांडीबाईला तीन सीझन झाले होते. दीड वाजता एक सिनेमा झाला. दोन वाजता एक जुळी बहीण झाली, आणि सव्वादोनला ती गेली. कुंदनला भूक लागली होती, त्या भरात त्यानं तिला पुरात वाहवलं. अडाजणच्या दोन मुली तिच्यासाठी खरोखर हळहळल्या. पाण्याच्या पिंपापाशी दोन तट पडले: एक म्हणे मूळ आवाजातली बघावी, दुसरा म्हणे हिंदी डबिंग काही वाईट नाही. हे ऐकून प्रियांका टेबलाखाली बसून इतकी हसली की तिला उचकी लागली. योगिताही हसली. सहा महिन्यांत एवढं हसणं झालं नव्हतं. पोट दुखलं, आणि त्या दुखण्यानं झोप थोडी उडाली.

लोक टेबलाशी येऊन विचारू लागले, कांडीबाईचं काही आहे का? प्रियांकानं एकदाही न विचारता पुठ्ठा उचलला आणि चित्रं सुलटी करून मांडली. चित्रं हातोहात निघाली. योगिता प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होती. आता विचारेल, मग विचारेल.

आणि प्रत्येकजण एकच म्हणत होता, "काय हुबेहूब उतरवलंय."

चौथ्यापाचव्या वेळी तिला उधना स्टेशनचा जिना आठवला. वेल बाईच्या पाठीवर जिना चढून जात होती, तसंच हे. फरक इतकाच, की साडीवरच्या फुलाला निदान कुणी नक्कल तरी म्हणत नव्हतं. खरं सांगावं असं मनात आलं. पण खोटं खोडायलाही अंगात जोर लागतो, आणि तिचा सगळा जोर एकोणीस रंगांत गेला होता. ती स्टूलवर बसून राहिली.

चारच्या सुमारास नितीन आला. गळ्यात फॅन क्लबचं ओळखपत्र, हातात जाड वही. सुरतेतल्या फॅन मंडळींत त्याचा शब्द शेवटचा, असं तो स्वतःच सांगायचा. दिंडोलीतला मराठी मुलगा, पण मेळ्यात हिंदीच झाडायचा. त्यानं चित्र उचललं, डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं आणि दयेनं म्हणाला की मेहनत दिसतेय, पण नाक चुकलंय.

"काय चुकलंय?" योगितानं विचारलं.

नाक मूळ मालिकेत एवढं मोठं नाही, तो म्हणाला. पहिल्या सीझनमध्ये तर अगदी छोटं. तुम्ही नव्या आहात, हात बसेल हळूहळू.

योगिता उठली. स्टूल मागं पडलं, ते तिनं उचललं नाही. "मालिका नाहीच," ती म्हणाली. "ही माझी आहे. मी काढलीय. नाकसुद्धा."

नितीन रागावला नाही, हसला. दर वर्षी कुणीतरी असं म्हणतं, दीदी. पण दुसऱ्याचं आपलं म्हणू नये. नाहीतर पुढच्या वर्षी टेबल देऊ नका असं मला कळवावं लागेल.

प्रियांका धावत स्टेजवर गेली. सोनेरी खुर्चीत कांडीबाई तोंड उघडं टाकून झोपली होती, नाक हनुवटीवर आलं होतं. तिला हलवून आणलं. कुंदननं खऱ्याची शपथ घेतली, आईची घेतली, कंत्राटदाराची घेतली: सगळं मीच रचलं, आजच, जांभईतून. नितीननं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मैत्रिणीसाठी खोटं बोलतोयस, चांगला मित्र आहेस. त्या जांभईनंतर कुंदन पहिल्यांदाच खरं बोलला होता, आणि तेवढंच कुणाला पटलं नाही.

योगिताच्या डोळ्यांत पाणी आलं ते थकव्यानं की रागानं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती उरलेली चित्रं गोळा करू लागली. पालथी.

त्याच वेळी दाराशी गलका झाला.

झालं असं की योगिता सकाळी न जेवता निघाली म्हणून मालतीबाई डबा घेऊन निघाल्या होत्या. नवागामहून दोन शेअर रिक्षा बदलून. हॉटेलात जायचं म्हणून नेसणीतली चांगली जरीची साडी, डोक्यावर पदर. दारावर तिकीट होतं, पण वेष करून येणाऱ्यांना फुकट होतं. पहारेकऱ्यानं दिवसभर कुंदनचं पुठ्ठ्याचं नाक बघितलं होतं. त्यानं मालतीबाईंच्या नाकाकडं बघितलं, सलाम केला आणि दार उघडलं.

आत शिरताच हॉलची बोलती बंद झाली. मग पाण्याच्या पिंपापासून कुणीतरी ओरडलं की हे तर चौथ्या सीझनचं रूप, लग्नातलं! पन्नास मोबाईल वर झाले. हिरव्या राक्षसानं वाट करून दिली. पंखवाली मुलगी शेजारी उभी राहून फोटो काढून गेली. मालतीबाईंना वाटलं, एवढ्या थोर हॉटेलात पाहुण्याची अशीच सरबराई होत असेल. त्यांनी पदर सारखा केला आणि डबा सांभाळत टेबलापाशी आल्या.

"जेवनी का?" त्यांनी लेकीला अहिराणीत विचारलं.

नितीन पुढं झाला. त्याची हिंदी कुठल्याकुठं पळाली होती. "मावशी," तो शुद्ध दिंडोलीच्या मराठीत म्हणाला, "नाक काय सुंदर जमलंय. कशाचं केलं?"

"वढी देख," मालतीबाई म्हणाल्या.

त्यानं ओढून बघायला हात पुढं केला आणि अर्ध्यात थांबवला. जवळून बघितलं. टेबलावरचं शेवटून दुसरं चित्र सुलटं केलं. एकदा चित्र, एकदा मालतीबाई, एकदा योगिता. वही बंद केली. हरायची सवय नसलेला माणूस हरतो तेव्हा त्याचे आधी कान लाल होतात.

"तुम्ही कोण?" त्यानं हळूच विचारलं.

"मी हिनी माय शे."

त्यानं वही काखेत घातली. मग योगिताला म्हणाला, "म्हणजे सीझन किती?"

"एकही नाही. बावीस पानं आहेत. वहीत."

"आणि जुळी बहीण?" हे विचारताना त्याचा आवाज खरंच चिरकला.

"ती यानं मारली," प्रियांकानं कुंदनकडं बोट केलं. कुंदननं पुठ्ठ्याचं नाक काढून हातात घेतलं, मयताला टोपी काढतात तसं.

नितीननं चित्र पुढं केलं. "हे तुम्ही काढलंय ना. मग नाव लिहा."

योगितानं पेन घेतलं आणि ते हवेतच राहिलं. आठ वर्षांत तिनं चित्रावर नाव घातलं नव्हतं. डिझाइनचा कोपरा मोकळा सोडायचा असतो, तिथं पुढची वेल येऊन जुळते. तिनं चारही कोपरे बघितले आणि शेवटी गाऊनच्या मधोमध, भल्या मोठ्या अक्षरांत, योगिता असं लिहिलं. आडनाव लिहायला जागा उरली नाही.

मालतीबाईंनी डबा टेकवला होता आणि उरलेलं एकमेव चित्र उचललं होतं. त्यांना आता सगळं कळलं होतं. योगिता पेन धरून त्यांच्या तोंडाकडं बघत होती. नाकावरून आईला उभा जन्म लोकांनी चिडवलं होतं. आता लेकीनंच ते नाक चव्हाट्यावर मांडलेलं.

"हाई नाक मनं शे," मालतीबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, नुसतं ओळखणं होतं. मग बोट खाली सरकलं. "पन हाऊ मना हात नही."

चित्रातले हात गोरे, गुळगुळीत, बांगड्यांचे होते. साडीवरच्या बायकांचे असतात तसे. मालतीबाईंनी आपला उजवा पंजा टेबलावर पालथा टाकला. पंचवीस वर्षं सूत ओढून पहिल्या बोटाला खाच पडली होती, अंगठ्याचं नख आडवं वाढलं होतं.

योगितानं पडलेलं स्टूल उचललं, बसली आणि कोरा कागद ओढला. हॉटेलची माणसं खुर्च्या आवरू लागली होती, खांबांवरचा झेंडू खाली येत होता. कुंदन टेबलाखाली आडवा झाला होता. प्रियांकानं डबा उघडून एक घास योगिताच्या तोंडात दिला, एक स्वतः घेतला. नितीन चित्र छातीशी धरून उभाच होता; नवं झालं की बदलून मिळेल का, असं त्यानं विचारलं. प्रियांका म्हणाली, दोन्ही घे.

नखापाशी आल्यावर योगिताचा हात जड झाला. तिनं डोळे चोळले, पुसून पुन्हा काढलं. खाच अजून जमत नव्हती.

"पटकन कर वो," मालतीबाई म्हणाल्या. "हात सुन्न पडी राहिना."

"जरा थांब, माय. हलू नको."

मालतीबाई हलल्या नाहीत.