महामायेची निगा

आणखी एक जबडा काळा पडला होता.

काल संध्याकाळपर्यंत कसा टवटवीत होता, आतून लालबुंद. आज कडेपासून काळवंडून लोळागोळा झालेला. मी तिथेच कपाळाला हात लावून बसले. लोक म्हणतील, एका झाडापायी ही बाई एवढी काय हवालदिल होते? म्हणू देत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

झाड म्हणजे व्हीनस फ्लायट्रॅप, माझ्या लेकीचं. ओंजळीत मावेल एवढी कुंडी, पानापानाच्या टोकाला दातेरी जबडा, आणि त्यात माशी शिरली की जबडा बंद. मी हिला महामाया म्हणते, कारण या घरात इतके नखरे दुसऱ्या कुणाचे चालवून घेतलेले नाहीत. हिला नळाचं पाणी चालत नाही, खत चालत नाही, सावली चालत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर लागतं, आणि तेही खालच्या ताटलीत ओतायचं. मी मेली जन्मभर नळाचं पाणी पिऊन पन्नाशी गाठली, पण हिचं आपलं वेगळंच.

लेक सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या शहरात गेली. तिच्या बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे तिनेच ते चालवावं म्हणून यांनी तिला त्यातलं शिक्षणही दिलं होतं. तिने परस्पर दुसरीकडे नोकरी धरली. बाप तशी लेक, दोघंही हट्टाला पेटलेले, माघार घ्यायला कुणी तयार नाही. शेवटी ती बॅग घेऊन निघाली तेव्हा हे दारात उभे राहून बोलून गेले, "गेलीस तर मला फोन करायचा नाही." ती म्हणाली, "बरं." आणि खरोखर केला नाही. तेव्हापासून हे तिचं नाव घेत नाहीत, 'तुझी लेक' म्हणतात. जणू मी तिला माहेराहून घेऊन आले होते!

जाताना तिने कुंडी माझ्या हातात दिली. "आई, प्रवासात मरेल ही. नीट घर मिळालं की मी येऊन घेऊन जाईन. तोवर जगव."

एवढाच काय तो धागा राहिला होता. झाड जगलं तर लेक दारात येणार होती. मेलं तर ती कशाला पाऊल टाकतेय या घरात? म्हणून रोज उठल्यावर तोंडसुद्धा न धुता मी आधी पुढच्या खोलीच्या खिडकीशी जायची.

माझं पुढच्या खोलीत बायकांचे केस कापायचं पार्लर आहे, त्यामुळे कात्री काही मला नवी नाही. सुरुवातीला मी सवयीने हिलाही शेप द्यायला गेले आणि चांगली हिरवी दोन पानं उडवली. व्हिडिओ कॉलवर लेक किंचाळली, "अगं आई, लेयर्स कापतेस का तिचे? हिरवं काही कापायचं नाही! जोवर हिरवं आहे तोवर ते पान तिला पोसतं. जबडा काळा झाला तर तेवढा जबडाच काढ. देठापर्यंत काळं झालं तरच खालून काप."

तेव्हापासून नखांची बारीक कात्री उकळत्या पाण्यातून काढून, श्वास रोखून मी काळं तेवढं कापते. नव्या नवरीच्या केसांनाही मी कधी इतकी घाबरले नाही. चुकून शेजारच्या जबड्याला कात्री लागली तर तोही उगाच मिटतो आणि मी कात्री खाली ठेवून देते.

त्या दिवशीही फोटो पाठवल्यावर लगेच लेकीचा फोन आला. हे खुर्चीत पेपर वाचत बसले होते, आमच्याकडे पाठ करून. मी फोन नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजावर टाकला, कारण एका हातात कुंडी धरायची असते.

"आई, हे काही बरोबर नाही," ती म्हणाली. "ऊन आहे, पाणी आहे, मग एकामागून एक जबडे का जातायत? कुणी डिवचत तर नाही ना तिला?"

"डिवचत म्हणजे?"

"आतले केस असतात ना बारीक, त्यांना दोनदा हात लागला की जबडा मिटतो. पोटात काही नाही आणि नुसतंच मिटायचं, त्यात तिची शक्ती जाते. चार-पाच वेळा असं झालं की तो जबडा मरतो. सगळेच गेले तर झाड पण जाईल, आई."

माझं डोकंच फिरलं. पार्लरमध्ये रोज येणाऱ्या बायका, खिडकीशी बसून वाट बघणाऱ्या, दुसरं कोण? दुपारी एक शाळेतल्या बाई कुंडीकडे बोट नेताना दिसल्या आणि मी त्यांच्यावर अशी काही खेकसले की त्या ओल्या केसांनीच निघून गेल्या. बिचाऱ्या कुंडीशेजारी ठेवलेला आपला चष्मा उचलत होत्या, हे मला नंतर कळलं. असो. मी कुंडी उचलून थेट आतल्या खोलीच्या खिडकीत नेली. तिथेही ऊन चांगलं येतं, आणि बाहेरचं कुणी जात नाही.

आठवडाभराने तिथेही एक जबडा काळा पडला.

आता बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं. रोग असेल, कीड असेल, माझंच काही चुकत असेल. मला घास गोड लागेना. मोजके पाच-सहा जबडे उरले होते. लेकीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात घोळत होतं.

त्याच दुपारी एका बाईंच्या डोक्याला रंग लावत होते. टॉवेल आणायला आत गेले, तर हे खिडकीशी वाकलेले. जेवायला घरी आलेले, ताट तसंच टेबलावर. डोळ्याला दुकानातलं भिंग, हातात दात कोरायची काडी. काडी जबड्यात घालून त्यांनी एका केसाला हलकेच टेकवली, क्षणभर थांबले, पुन्हा टेकवली. जबडा मिटला.

"अहो!"

ते असे दचकले की भिंग खाली पडलं.

"शरम नाही वाटत? मी इथे हिच्यासाठी जीव टाकतेय, परक्या बाईला वाटेल ते बोलून बसले, आणि घरातच हा उद्योग! एवढा राग? लेकीवरचा राग त्या मुक्या झाडावर?"

"राग नाही गं."

"मग काय कौतुक चाललंय?"

त्यांनी वाकून भिंग उचललं. मग खाली बघत म्हणाले, "मध्यंतरी हे झाड छान होतं. आठवतंय? तेव्हा तिने एकदाही फोन केला नाही. तुझ्या फोटोंना नुसते अंगठे पाठवायची. एक जबडा काळा पडला की त्याच दिवशी फोन येतो. अर्धा अर्धा तास बोलते."

"तुमच्याशी कुठे बोलते ती?"

"ऐकू येतं ना."

माझा सगळा आवेश गळून पडला. हा माणूस रोज पेपर घेऊन बसायचा आणि मला वाटायचं, याला काही सोयरसुतक नाही. रडू आलं, रागही आला, दोन्ही एकदमच.

"आणि मेलं असतं तर?"

"मरू दिलं नसतं. एका वेळी एकच करायचो."

"वा! मोठे धोरणी!"

इतक्यात माझा फोन वाजला. लेकच होती, सकाळचा फोटो तिने आत्ता पाहिला असणार. यांनी माझ्याकडे बघून घाईघाईने मान हलवली, नको, सांगू नकोस. बाहेरून रंगवाल्या बाई ओरडल्या, "अहो, डोकं चुरचुरतंय माझं!"

"आलेच!" म्हणून मी व्हिडिओ कॉल घेतला.

"आई, आणखी एक? आता मला भीती वाटायला लागलीय. काय होतंय तिला?"

"तिला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "तुझ्या बाबांना झालंय." आणि फोन त्यांच्याकडे वळवला.

हे उभे, काडी अजून हातातच. लेकीने ती काडी पाहिली, मिटलेला जबडा पाहिला. पोरगी हुशार आहे, तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "आधी ती काडी खाली ठेवा."

"ठेवली."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग एकदम फोन बंद झाला.

संपलं, मला वाटलं. मीच माती केली. झाकून ठेवलं असतं तर निदान झाडाच्या निमित्ताने तरी बोलत राहिली असती. हे पलंगावर मटकन बसले.

आणि यांच्या खिशात फोन वाजायला लागला. त्यांनी तो बाहेर काढला, नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तसाच हातात धरून बसले.

"अहो, बघताय काय!" मी ओरडले. "उचला की!"